पाहुण्याचं खाचर

कर्जत स्टेशनातला बटाटेवडा जगात एक नंबर, असं आमच्या कचेरीचा शिपाई एकदा बाईंसमोर बोलून गेला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कशापेक्षा?"

"म्हंजे?"

"दुसरा कुठला खाल्लायस?"

"दुसरा कशाला खाऊ? हितंच चांगला मिलतो तर!"

"मग एक नंबर कसा? शर्यतीत एकटाच धावतोय तो."

"बाय, तुमी वडा खावा. थंड व्हतोय."

बाईंनी वडा खाल्ला. चांगला आहे म्हणाल्या. एक नंबर म्हणाल्या नाहीत.

हा "कशापेक्षा?" त्यांच्या तोंडात कायम असायचा. यंदा पाऊस जास्त आहे, नवा मामलेदार चांगला आहे, माथेरानच्या हवेने खोकला जातो, कुणी काहीही म्हटलं की बाई तेवढा एकच शब्द टाकायच्या आणि समोरचा माणूस ठेच लागल्यासारखा थांबायचा. बाजारात त्यांचं नाव कशापेक्षाबाई पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. भाजीवाली मागून "आली गं कशापेक्षाबाय" म्हणाली की त्या वळून मुद्दाम तिच्याकडूनच भाजी घ्यायच्या.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. भाताच्या लागवडीचे प्रयोग करणारी आमची कचेरी म्हणजे एका गोदामामागच्या दोन खोल्या, एक मोठा वजनकाटा आणि बाई. मी मुंबईहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन आले होते. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीत. मराठी घरात बोलण्यापुरती. अनोळखी माणसासमोर ती घशातच राहायची. म्हणून गावात गेलो की मी वजनकाट्याच्या मागे उभी राहायचे. काट्यामागून माणसं नीट दिसतात आणि आपल्याशी सहसा कुणी बोलत नाही. बाईंच्या हे लक्षात आलं असणार, पण त्यांनी मला कधी पुढे ढकललं नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "कमी बोलतेस ते ठीक आहे. बघतेस का, ते पाहू."

बाई ठेंगण्या होत्या. साडी घोट्याच्या बरीच वर, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि पिशवीत गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्यात चिंचोके. त्यातले अर्धे दगडावर घासून पांढरे केलेले. दोन गोष्टींतून एक निवडायची वेळ आली की त्या डबा पुढे करायच्या: न बघता एक काढा, काळा की पांढरा. प्रयोगात कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिंचोका ठरवायचा, आणि हॉटेलात पोहे घ्यायचे की मिसळ हेही. मिसळ आली की त्यांना दिवसभर जळजळ व्हायची, पण त्या मुकाट्याने खायच्या.

"निवडायला दिलं की माणूस आपल्याला हवं तेच निवडतो," त्या म्हणायच्या, "आणि वर कारणही हुडकतो. चिंचोक्याला कारण नसतं. तेच त्याचं मोठेपण."

आम्ही दोघी एकाच घरमालकिणीकडे शेजारच्या खोल्यांत राहायचो. मालकिणीचं ठाम मत होतं की चहाचा चोथा घातला की मोगरा भरभरून फुलतो. बाईंनी त्याच आठवड्यात सारख्या कुंड्या आणल्या, सारखी माती, सारखी रोपं. चिंचोके टाकून अर्ध्या कुंड्यांना चोथा, अर्ध्यांना नाही. मोगरा सगळीकडे सारखाच फुलला. बाई मालकिणीला तसं सांगणार, तेवढ्यात एका सकाळी दार उघडून मी पाहिलं तर मालकीण बिनचोथ्याच्या कुंड्यांत गुपचूप चोथा घालत होती.

"अहो, हे काय करताय?" बाई माझ्यामागून म्हणाल्या.

"मग काय करू?" मालकीण उलट त्यांच्यावरच तापली. "शेजारच्याला रोज वाढायचं आणि या बिचाऱ्यांना उपाशी ठेवायचं! काय पाप केलंय यांनी? मला नाही बघवत."

मला वाटलं, बाई आता तिला फाडून खातील. पण त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. कुठल्या कुंडीत काय, हे तुम्हाला कळायलाच नको होतं."

मालकिणीला हा अपमान वाटला. त्या दिवसापासून आमचा सकाळचा चहा बंद झाला.

सल्ला मागायला येणाऱ्यांना तर बाईंकडून जास्तच सोसावं लागायचं. लोधिवलीकडचे एक शिक्षक एम.एड.च्या प्रबंधासाठी आले होते. हात जोडून म्हणाले, "बाई, मला एक चांगली प्रश्नावली करून द्या."

"कशाला?"

"प्रबंधाला."

"प्रबंधाला नाही विचारलं. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

शिक्षक बराच वेळ बोलले. ग्रामीण शिक्षण, पालकांची उदासीनता, सामाजिक परिस्थिती. बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हेच एका वाक्यात सांगा. 'आणि' न वापरता."

शिक्षक घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "चौथीनंतर मुली शाळा का सोडतात?"

"हां. आता सांगा, प्रश्नावली कुणाला वाटणार?"

"वर्गातल्या मुलींना."

"त्यांनी कुठे सोडलीये?"

मग बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. तोवर ते उभेच होते. सोडलेल्या मुलींच्या घरी जा, त्या म्हणाल्या, कागद न घेता जा, दुपारी त्या भांडी घासत असतील तेव्हा जा. नुसतं बसा. मोजायचं काय हे अजून तुम्हालाच माहीत नाही, तर मोजणार कसं? ते कळलं की मग या, प्रश्नावली करू. लागली तर. शिक्षक पुन्हा आले नाहीत. पण ते त्या घरांमधून जात असल्याचं मी नंतर ऐकलं, आणि बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं. हा त्यांचा मोठा आनंद होता.

आता राबाचं सांगते, कारण बाईंना खरं पाहिलं ते मी त्यात.

आमच्याकडे भाताचं रोप राबावर वाढवतात. उन्हाळ्यात डोंगरातल्या ऐनाच्या पालेदार फांद्या तोडून आणायच्या, त्यांना कवळ म्हणतात. कवळ, शेण, गवत असं सगळं वाफ्यावर रचून जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत बी पेरायचं. वरच्या कचेरीचं म्हणणं होतं की यापायी डोंगर बोडके होतात. त्यापेक्षा काही न जाळता, उंच गादीवाफा करून, खत घालून रोप तयार करावं. त्याने पीक जास्त येतं असं दाखवता आलं की कवळ तोडायची परवानगी बंद करता येणार होती. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांत.

त्यासाठी प्रयोग आखला गेला. शेतकऱ्याने भाताची, बांध घातलेली दोन सारखी खाचरं द्यायची. एकात राबाचं रोप लावायचं, एकात आम्ही दिलेलं गादीवाफ्याचं. कुठल्या खाचरात कुठलं, ते शेतकऱ्याने आपल्या सोयीने ठरवावं, असं वरून आलेल्या आखणीत होतं. बाईंनी लिहून कळवलं की हे चिठ्ठ्या टाकून ठरू दे. उत्तर आलं: शेतकऱ्यांना जुगाराची सवय लावू नये.

पीक निघालं. मी वजनं केली. जवळजवळ प्रत्येक गावात गादीवाफ्याचं भात राबाच्या भातापेक्षा जास्त भरलं, तेही चांगलं ठसठशीत. मोठे साहेब खूश झाले. अहवाल टाइप होऊन आला. खाली बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाई तो कागद समोर ठेवून बसल्या. "इतकं जिंकतंय," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुठेतरी कुणीतरी चोथा घालतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात गेलो. घरात एक म्हातारी आणि तिचा मुलगा होता. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं. घरात कान असलेले दोनच कप असावेत. ते आमच्या हातात आले आणि माय-लेकांनी वाटीतून चहा घेतला. बाईंनी विचारलं, "आजी, गादीवाफ्याचं रोप कुठल्या खाचरात होतं?"

"ह्ये काय, घराखालच्या."

"आणि राबाचं?"

"त्ये वर, मालाकडं."

"असं का केलंत?"

म्हातारीला प्रश्नच कळेना. "असं का म्हंजे? सरकारचं रोप आमच्या घरी पयल्यांदा आलं. पावन्याला कुनी खडकालीत बसवतं का गं बाय? घराखालचं खाचर चांगलं हाय. गोठ्याचं पानी त्याच्यातच उतरतं. राबाचं काय, त्यो घरचाच. त्यो कुठंबी वाढतो."

"पण सारखी खाचरं द्यायची होती ना?"

"सारखीच दिली!" मुलगा दुखावून म्हणाला. "दोरी टाकून मोजली. इचारा ह्या तायला, ती व्हती."

मी होते. लांबी-रुंदी सारखी होती हे खरं होतं.

पुढच्या दोन-तीन गावांत हेच. कुणी म्हणालं, देवळाखालचं खाचर दिलं, कुणी म्हणालं, विहिरीकडचं. एकाने तर सांगितलं, "चांगल्यात चांगलं दिलं बाय, तुमची मान खाली नको व्हायला."

येताना बाई वरची-खालची खाचरं बघत चालत होत्या. मग बांधावरच थांबून म्हणाल्या, "माणसं लबाड असतात म्हणून पद्धत लागते असं सगळ्यांना वाटतं. लबाडी सापडते गं. हा चांगुलपणा सापडत नाही." आणि कचेरीत पोचल्यावर त्यांनी वर कळवलं की तुलना सदोष आहे, वर्ष फुकट गेलं, सही करणार नाही, पुढच्या पावसाळ्यात चिठ्ठ्या टाकून पुन्हा करू.

ही बातमी गावांत कशी पोचली कोण जाणे. एका सकाळी कचेरीसमोर सात-आठ शेतकरी उभे. पुढच्याच्या काखेत कोंबडा.

"बाय, तुमी आमची बाजू घेतली. ह्यो घ्या."

"मी तुमची बाजू घेतलेली नाही," बाई म्हणाल्या.

"सही नाय केली ना?"

"नाही केली. पण पुढच्या वर्षी खाचर मी ठरवणार, डब्यातून काढून. तुमचा राब त्यात हरला तर 'हरला' असं लिहीन आणि खाली सही करीन. डोंगर बंद झाला तरी."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "मंग आमचा फायदा काय झाला ह्याच्यात?"

"तुमचा फायदा कशात आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. म्हणूनच तर करायचं."

कोंबडा घेऊन ती मंडळी परत निघाली. फाटकाशी एक जण मोठ्याने म्हणाला, आम्हाला ऐकू जावं असंच, "ही बाय ना सरकारची, ना आपली. हिला वाली कोन रं?"

बाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "कुणी नाही! बरं चाललंय!"

मोठे साहेब त्यानंतर जीपने आले. वाईट माणूस नव्हता तो. खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "बाई, खोपोलीवरून येताना डोंगर बघत आलो. ऐनाची झाडं हात तोडलेल्या माणसांसारखी उभी आहेत. आणखी एक वर्ष थांबायचं?"

"झाडं मीही बघते. डोंगर वाचवायचा तर तसा हुकूम काढा, डोंगर वाचवण्यासाठी. लोक तुमच्याशी भांडतील, तुम्ही त्यांच्याशी भांडा. पण पीक वाढतं म्हणून बंदी, असं सांगणार असाल तर पीक वाढतं हे आधी मला कळू द्या. मला कळलेलं नाही."

"आकडे समोर आहेत."

"आकडे घराखालच्या खाचराचे आहेत. रोपाचे नाहीत."

साहेबांनी अहवाल उचलला आणि वळवून माझ्यासमोर ठेवला. आतापर्यंत मी कपाटाला टेकून उभी होते.

"वजनं तुम्ही केलीत ना?" ते इंग्रजीत म्हणाले. "मग निरीक्षक म्हणून सही तुम्ही करा. तेवढी पुरेल. तुमची नेमणूक अजून तात्पुरती आहे, ते या महिन्यात मार्गी लावू." त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हाताशी ठेवलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सही कर नाही, नको करू नाही, काही नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

इंग्रजीत मला नम्रपणे नकार देण्याच्या बऱ्याच तऱ्हा येत होत्या. शाळेत त्या शिकवल्याच होत्या. त्यातली कुठलीही वापरली असती तरी साहेबांनी हसून पुन्हा पेन पुढे केलं असतं. मराठीत मला एकच तऱ्हा येत होती.

"नाही करणार," मी म्हणाले.

"कारण?"

"वजनं खरी आहेत. ती राबाच्या आणि गादीवाफ्याच्या नावाने लावणं खरं नाही."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

अहवाल पुढे गेला नाही. पण माझी नेमणूक तात्पुरतीच राहिली आणि शेतं पुन्हा हिरवी व्हायच्या आत बाईंची बदली झाली, लांब, विदर्भात कापसावर. जाताना त्यांनी चिंचोक्यांचा डबा मला दिला नाही. म्हणाल्या, तुझे तू घास. मी घासले. पुढच्या वर्षीची खाचरं मीच ठरवली, गावागावांत ओट्यावर सगळ्यांसमोर. खालापूरच्या त्या म्हातारीकडे गादीवाफ्याच्या वाट्याला माळाचं खाचर आलं तेव्हा ती माझ्याशी बोलेना. पाहुण्याचा असा पाणउतारा तिच्या घरात कधी झाला नव्हता. पीक निघालं. काही गावांत राब पुढे, काही गावांत गादीवाफा, आणि फरक इतका कमी की एका पावसावरून काही म्हणणं धाडसाचं. मी तसंच लिहिलं आणि खाली सही केली. वरून विचारणा झाली की याला निष्कर्ष म्हणायचं का. मी कळवलं, होय.

पण बाई म्हटल्या की मला साहेबांची जीप गेल्यानंतरची ती दुपार आठवते. आम्ही दोघी कचेरीला कुलूप लावून बाजाराच्या रस्त्याने निघालो होतो. बाई नेहमीसारख्या भराभरा पुढे. मला वाटत होतं, आता तरी काही चांगलं बोलतील. थोडं पुढे गेल्यावर त्या न वळता म्हणाल्या, "का नाही केलीस सही?"

"तुम्ही पाहिलंत ना का ते."

"पाहिलं नाही, ऐकलं. माझीच वाक्यं होती ती. माझ्या भिडेखातर केलं असशील तर परत जाऊ. साहेब अजून विश्रामगृहावर असतील, जेवत. पेन आहे त्यांच्याकडे."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. इतके दिवस काट्यामागे राहून जे जपून ठेवलं होतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं.

"मागच्या रविवारी मी भिवपुरीच्या बाजूच्या गावांत जाऊन आले," मी म्हणाले. "एकटी. जिथे तुम्ही गेला नव्हता तिथे."

बाई थांबल्या. "काय विचारलंस त्यांना?"

"काहीच नाही. तुम्ही 'असं का केलंत' विचारता, मग माणसं कारण देतात. तुम्हाला आवडेल असं देतात. मी कुणाशी बोललेच नाही. बांधांवरून फिरले. कुठलं खाचर खाली आहे, कुठलं वर, गोठ्याचं पाणी कुठे उतरतं, माती काळी कुठे, मुरमाड कुठे, तेवढं पाहिलं. आणि मग आपल्या नोंदींशी ताडून पाहिलं. तिथेही चांगलं खाचर पाहुण्यालाच."

"मला न सांगता?"

"हो."

"का?"

"तुम्ही चुकत असाल तर मला कळायला हवं होतं."

रस्त्यातून एक टेंपो हॉर्न वाजवत आला. बाई बाजूला झाल्या नाहीत, त्यालाच वळून जावं लागलं. ड्रायव्हर काहीतरी बोलून गेला. बाई माझ्याकडे बघत होत्या, चष्मा कपाळावर सरकवून, एखाद्या वाफ्याकडे बघावं तशा.

"आणि मी चुकले असते तर?"

"तर सही केली असती," मी म्हणाले.